नातेवाईक पोलिसात आहे, म्हणून शस्त्र हाती द्यावे?

पुण्यातील एक सेवानिवृत्त गृहस्थ सहा महिन्यांसाठी अमेरिकेला मुलीकडे निघाले आहेत, असे समजू. व्हिसा झाला, औषधांच्या चिठ्ठ्या झाल्या, भाजणी-मेतकुटाचे डबे बांधून झाले. पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला सांगून झाले. उरली ती कपाटातली परवान्याची बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर आणि पंचवीस काडतुसे. निरोप द्यायला भाचा येतो. तो नाशिक जिल्ह्यात पोलिस उपनिरीक्षक आहे. जेवणे आटोपल्यावर विषय निघतो आणि भाचा सहज म्हणतो, ‘‘मामा, बंद घरात कशाला ठेवता? माझ्याकडे द्या. आल्यावर घेऊन जा.’’ मामांना हायसे वाटते. पोलिसाच्या हाती शस्त्र दिले म्हणजे ते सरकारच्याच हाती दिले, अशी त्यांची भाबडी समजूत असते. रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळून भाच्याच्या बॅगेत जाते.

त्या क्षणी मामा आणि भाचा या दोघांनीही शस्त्र कायद्याचा भंग केलेला असतो. दोघांच्याही मनात काही वाईट नसते, शस्त्राचा गैरवापर झालेला नसतो, गोळी सुटलेली नसते. तरीही भंग झालेलाच असतो. आपल्याकडे परवानाधारकांच्या घरांत हा प्रकार ज्या सहजतेने घडतो, ती पाहता त्याची कायदेशीर बाजू नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

उसने देणे म्हणजेच हस्तांतरण

शस्त्रांसंबंधीचा आपला मूळ कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. ब्रिटिशांच्या १८७८ च्या कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि अधिनियमात अलीकडची मोठी दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये झाली. कलम ३ चा गाभा अगदी सोपा आहे. परवाना असल्याखेरीज कोणत्याही व्यक्तीने अग्निशस्त्र वा दारूगोळा मिळवू नये, ताब्यात ठेवू नये वा बाळगू नये. येथे परवाना घराला वा कुटुंबाला मिळत नाही; तो एका व्यक्तीला, क्रमांकासह नोंदलेल्या विशिष्ट शस्त्रासाठी मिळतो. वडिलांच्या परवान्यावर मुलाला, नवऱ्याच्या परवान्यावर बायकोला किंवा मामाच्या परवान्यावर भाच्याला शस्त्र बाळगता येत नाही.

यावर सर्वसाधारण प्रतिवाद असा असतो, की ‘मी काही ते विकले नाही, बक्षीसही दिले नाही, सांभाळायला दिले.’ हा बचाव कायद्याने आधीच खोडून ठेवला आहे. कलम २ मधील व्याख्यांमध्ये ‘हस्तांतरण’ या शब्दाचा अर्थ सांगताना भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे या साऱ्यांचा त्यात समावेश केलेला आहे. आपल्या रोजच्या मराठीत ‘उसने देणे’ आणि ‘विकणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटीभर साखर उसनी देणारी गृहिणी साखरेची विक्रेती ठरत नाही. शस्त्रांच्या बाबतीत मात्र कायद्याने हा फरक जाणूनबुजून पुसून टाकला आहे, आणि त्यामागचे कारणही उघड आहे. शस्त्र सध्या नेमके कोणाच्या हाती आहे, हे शासनाला प्रत्येक क्षणी ठाऊक असावे, एवढ्याचसाठी परवान्याचा सारा खटाटोप असतो. परत मिळण्याच्या बोलीने दिलेल्या शस्त्रातूनही गोळी तशीच सुटते.

मग खासगी व्यक्तीला आपले शस्त्र दुसऱ्याला देताच येत नाही काय? येते, पण त्याचा रस्ता कलम ५ मध्ये आखून दिलेला आहे. घेणारी व्यक्ती ते शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असली पाहिजे. देणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आपला इरादा व घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवला पाहिजे. आणि तसे कळवल्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस उलटले पाहिजेत. रविवारच्या जेवणानंतर रुमालात गुंडाळून दिलेल्या रिव्हॉल्व्हरला यांतली एकही अट लागू पडत नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

सूट वर्दीला नव्हे, कर्तव्याला

आता मुख्य मुद्दा. भाचा पोलिस अधिकारी आहे. तो रोज शस्त्र हाताळतो, त्याचे रीतसर प्रशिक्षण झालेले आहे, त्याची चारित्र्य पडताळणी शासनानेच केलेली आहे. मग त्याला परवाना कशाला हवा?

या प्रश्नाचे उत्तर कलम ४५ मध्ये आहे. हा अधिनियम कोणाला लागू होणार नाही, याची यादी त्यात दिलेली आहे. लोकसेवकाने ‘लोकसेवक या नात्याने आपले कर्तव्य बजावत असताना’ शस्त्र मिळवणे, बाळगणे, नेणे हे या यादीत येते. पोलिसाच्या कमरेला शासकीय पिस्तूल असते आणि त्याच्यापाशी व्यक्तिगत परवाना नसतो, तो या तरतुदीमुळे. पण तरतुदीची शब्दरचना नीट वाचली पाहिजे. सूट ‘पोलिसाला’ दिलेली नाही. ती कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृतीला दिलेली आहे. कर्तव्य संपले, की सूटही संपते. म्हणूनच शासकीय शस्त्र शस्त्रागारातून नोंद करून घेतले जाते आणि नोंद करूनच परत जमा होते.

मामाची खासगी रिव्हॉल्व्हर घरी नेऊन कपाटात ठेवणे हे पोलिस उपनिरीक्षकाचे कर्तव्य होऊ शकत नाही. ती त्याने भाचा या नात्याने नेली, लोकसेवक या नात्याने नव्हे. याच घरातून, हेच शस्त्र, हाच अधिकारी एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पंचांसमक्ष पंचनामा करून मुद्देमाल म्हणून जप्त करून नेता, तर त्याचे नेणे पूर्णतः कायदेशीर ठरले असते. हात तोच, शस्त्र तेच. फरक कागदाचा आणि हेतूचा.

बरे, भाच्याचा स्वतःचा परवाना असेल तर? पुष्कळ पोलिस अधिकारी खासगी शस्त्राचा परवाना घेतात. त्यांनाही सर्वसामान्य नागरिकाप्रमाणेच अर्ज करावा लागतो. तथापि त्या परवान्याने फारसे काही साधत नाही. परवान्यावर ज्या शस्त्राचा क्रमांक नोंदलेला आहे तेवढेच शस्त्र त्याला बाळगता येते. मामाच्या शस्त्राचा क्रमांक त्यावर नसतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आहे. भाच्याकडे आधीच दोन शस्त्रे असतील, तर रीतसर हस्तांतरणाची वाटही त्याला बंदच असते.

ताबा नेमका कोणाचा?

कित्येकांना वाटते, की शस्त्र हातावेगळे झाले म्हणजे जबाबदारीही हातावेगळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या प्रकरणात ताब्याचा जो अर्थ लावला, तो या समजुतीला छेद देणारा आहे. शस्त्र प्रत्यक्षात दुसऱ्याच्या जवळ असतानाही पहिल्या व्यक्तीवर ताब्याचा आरोप ठेवता येतो काय, असा तेथे प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे: ताब्यासाठी पहिली गरज जाणिवेची असते, म्हणजे शस्त्र आपल्या ताब्यात आहे हे त्या व्यक्तीला ठाऊक असले पाहिजे, आणि शस्त्र प्रत्यक्ष हाती नसले तरी त्यावर तिचा अधिकार वा नियंत्रण चालत असेल, तर तिचा ताबा संपत नाही.

आपल्या उदाहरणाला हे सूत्र लावून पाहावे. भाच्याला बॅगेत काय आहे हे पक्के ठाऊक आहे. शस्त्र प्रत्यक्ष त्याच्याजवळ आहे. म्हणजे विनापरवाना ताब्याचे दोन्ही घटक पूर्ण झाले. ‘मी फक्त सांभाळत होतो, वापरले नाही’ हे म्हणणे निरुपयोगी आहे, कारण कायदा वापराबद्दल नव्हे, ताब्याबद्दल विचारतो आहे. दुसरीकडे, ‘आल्यावर परत घेईन’ ही मामांची बोली असल्याने त्यांचा अधिकारही सुटलेला नाही. परवाना त्यांच्या नावावर आहे, त्याच्या अटी त्यांच्यावर बंधनकारक आहेत. त्यांपैकी एक अट क्षेत्राची असते. परवाना ज्या भागापुरता वैध असेल, त्या बाहेर शस्त्र गेले तर अटीचा स्वतंत्र भंग होतो. भाच्याची उद्या परराज्यात बंदोबस्तावर रवानगी झाली आणि बॅग त्याच्यासोबत गेली, तर न्यू जर्सीत बसलेल्या मामांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

परवानाधारकाचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडल्यास काय घडू शकते, याचे विदारक उदाहरण मुंबईने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पाहिले. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या झाडण्यात आल्या. हल्लेखोराने नंतर स्वतःचाही शेवट केला. वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते, असे तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. गोळी झाडणारा कोण हे लाखो लोकांनी पाहिले होते. तरीही पोलिसांची पावले परवान्यावरच्या नावाकडे वळलीच.

पोलिस नातेवाइकाच्या बाबतीत धोका नसतो, असे कोणी म्हणेल. पण पोलिसाच्या घरीही लहान मुले असतात, चोऱ्या होतात, कौटुंबिक कलह होतात. आणि या नोकरीतला ताण किती असतो हे वेगळे सांगायला नको. अशा घरात एखादी दुर्घटना घडली, तर पंचनाम्यात शस्त्राचा क्रमांक लिहिला जातो आणि तो क्रमांक मामांच्या दारात येऊन उभा राहतो.

शिक्षा किती?

या कृत्यात एकाहून अधिक कलमे लागू होऊ शकतात आणि त्यांतल्या शिक्षांत प्रचंड तफावत आहे. घेणारा पात्र आहे की नाही याची आधी खातरजमा न करता शस्त्र त्याच्या ताब्यात देणे, हा कलम २९ खालील अपराध असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याच्या अटींचा भंग झाला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेखी सूचना न देता वा पंचेचाळीस दिवसांची मुदत न पाळता हस्तांतरण केले तर कलम २५ मध्ये त्याचीही निराळी शिक्षा आहे. इथवर सारे सौम्य वाटते.

परंतु विनापरवाना ताब्याबद्दल, म्हणजे आपल्या उदाहरणात भाच्याला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. आणि कलम ५ चे उल्लंघन करून केलेल्या ‘हस्तांतरणा’ची शिक्षा, जी पूर्वी तीन ते सात वर्षे होती, ती आता किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. ही कठोरता शस्त्रांच्या चोरट्या व्यापारासाठी आणली गेली हे खरे. पण कलमातला शब्द ‘हस्तांतरण’ हाच आहे, आणि व्याख्येनुसार उसने देणे त्यात बसते. मामा-भाच्याच्या व्यवहाराला कोणते कलम लावायचे, हे तपास अधिकारी, सरकारी वकील आणि शेवटी न्यायालय ठरवणार. तो निर्णय आपल्या बाजूने होईल या भरवशावर रिव्हॉल्व्हर बॅगेत टाकणे शहाणपणाचे नाही. कलम ३ च्या अपराधाबद्दल खटला भरण्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, हे एक संरक्षण आहे खरे. पण ते न्यायालयाच्या पायरीवरचे आहे, पोलिस ठाण्याच्या पायरीवरचे नव्हे.

याखेरीज मामांचा परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. भाच्याचे नुकसान तर याहून मोठे. त्याच्यावर फौजदारी कारवाईबरोबर विभागीय चौकशीचीही टांगती तलवार राहते. कायदा ठाऊक नव्हता असे मामा निदान म्हणू तरी शकतात. भाचा ते तोंडातूनही काढू शकत नाही.

मग शस्त्र ठेवायचे कोठे?

दीर्घकाळ बाहेरगावी जाणाऱ्याने शस्त्र परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी द्यावे, हा सर्वांत सरळ मार्ग. मोठ्या शहरांतून असे विक्रेते आहेत. ते शुल्क आकारतात, नोंदवहीत नोंद करतात आणि पावती देतात. दुसरा मार्ग पोलिस ठाण्याचा. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पोलिस ठाण्यात शस्त्र जमा करणे आणि पोलिस नातेवाइकाकडे शस्त्र देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ठाण्यात ते प्रभारी अधिकाऱ्याच्या पदाकडे जमा होते. नोंद होते, शस्त्राचा व काडतुसांचा तपशील लिहिलेली पावती मिळते. भाचा त्याच ठाण्यात नेमणुकीला असला तरी त्याच्या टेबलाच्या खणात ठेवलेले शस्त्र ठाण्यात जमा झाले असे होत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हाही ‘आमच्या पोलिसातल्या पाहुण्यांकडे दिले आहे’ हे उत्तर चालत नाही.

नातेवाइकाला मदतच करायची असेल, तर त्यालाही कायद्याने थोडी जागा ठेवली आहे. कलम ३ च्या परंतुकानुसार परवाना नसलेली व्यक्तीही परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानिशी शस्त्र नेऊ शकते. मात्र ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी अथवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. म्हणजे गुडघे दुखत असलेल्या मामांच्या वतीने भाचा शस्त्र नूतनीकरणासाठी आयुक्तालयात नेऊन दाखवू शकतो. अशा वेळी अधिकारपत्रावर तारीख, शस्त्राचा क्रमांक, नेण्याचे कारण आणि मामांची सही असावी व मूळ परवाना सोबत असावा. काम झाल्यावर शस्त्र त्याच दिवशी घरी परतावे. भाच्याला धमक्या येत आहेत म्हणून त्याने ते चार दिवस जवळ ठेवणे या सवलतीत बसत नाही. त्याला धोका असेल तर त्याने वरिष्ठांकडे शासकीय शस्त्र वा संरक्षण मागावे, किंवा स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा.

भाच्याला ते शस्त्र कायमचेच द्यायचे असेल, तर वर सांगितलेला कलम ५ चा रस्ता आहे. त्याने आधी परवाना मिळवावा, मामांनी लेखी सूचना द्यावी, पंचेचाळीस दिवस थांबावे आणि दोन्ही परवान्यांवर नोंदी करून घ्याव्यात. महाराष्ट्रात पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवाना देणारे प्राधिकारी पोलिस आयुक्त असतात, अन्यत्र जिल्हादंडाधिकारी. मामा पुण्यात आणि भाचा नाशिक जिल्ह्यात म्हटल्यावर दोन कार्यालयांशी गाठ आहे, हे गृहीत धरावे. वेळ लागतो. पण जावयाला वा भाच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचा ज्यांना संकोच वाटतो, त्यांना ‘अर्ज कर, मी सही करतो’ असे म्हणण्याची सोय तरी त्यामुळे होते.

परवानाधारकाच्या पश्चात

याहून नाजूक प्रसंग परवानाधारकाच्या निधनानंतर येतो. तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि घरातल्या बाईला कपाटातल्या शस्त्राची धास्ती वाटू लागते. अशा वेळी पोलिसात असलेला पुतण्या ‘काकू, काळजी करू नका’ म्हणून ते घेऊन जातो. भावना समजण्याजोगी असली तरी हा सर्वांत चुकीचा मार्ग होय. परवानाधारक गेला, की त्या घरातला शस्त्राचा ताबा कायदेशीर राहत नाही. आणि ताबा कोणत्याही कारणाने बेकायदा होताच, विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कलम २१ अन्वये बंधनकारक आहे. जमा केल्याने कुटुंबाचा हक्क लगेच बुडत नाही. विहित मुदतीत वारसाने परवाना मिळवला तर ते परत मिळते, किंवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदत टळली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे; परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच हयातीतही त्याच्या वयाला सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, वारसाच्या नावे परवान्याचा विचार होऊ शकतो. वयस्कर परवानाधारकांनी ही वाट वेळीच चोखाळलेली बरी.

वाड्याच्या भिंतीवर टांगलेल्या पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचे काय, असा प्रश्न येतोच. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले वा नादुरुस्त शस्त्र कलम ४५ च्या सवलतीत येते. पण ते दुरुस्त करूनही वापरण्याजोगे होत नसेल, तरच. कोकणात अशा कैक ‘शोभेच्या’ बंदुका रानडुकरांवर अजूनही चालतात, तेव्हा शोभेवर फार विसंबू नये.

अमेरिकेला निघालेल्या मामांनी तिकीट काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे परवान्यावरची मुदत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याचा कालावधी तीनवरून पाच वर्षांवर नेला असला, तरी जुन्या परवान्यांवरच्या तारखा वेगवेगळ्या असतात. ती तारीख सहा महिन्यांच्या मुक्कामातच उलटणार असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज निघण्याआधी दाखल करावा, त्याची पोच घ्यावी, शस्त्र व काडतुसे मोजून ठेवीला द्यावीत. पावतीची एक प्रत स्वतःजवळ आणि एक घरच्यांजवळ असावी. भाच्याच्या हाती द्यायचीच असेल, तर ती दुसरी प्रत द्यावी.